पाळण्याची दोरी कोणाच्या हातात?

पाळण्याची दोरी धरणाऱ्या मातेचे गोडवे आपल्याकडे शाळांच्या भिंतींवर रंगवलेले असतात. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या वीटभट्ट्यांवर मात्र ही दोरी आईच्या हातात नसते. आईचे हात पहाट व्हायच्या आधीपासून चिखलात असतात. दोरी धरलेली असते आठ-नऊ वर्षांच्या थोरल्या बहिणीने, आणि पाळणा म्हणजे दोन बांबूंना बांधलेली आईची जुनी साडी. ही थोरली बहीण गावच्या शाळेच्या हजेरीपटावर तिसरीत किंवा चौथीत असते. दिवाळीची सुट्टी संपते तेव्हा तिच्या नावापुढे गैरहजेरी पडायला लागते, आणि पहिला पाऊस येईपर्यंत ती तशीच पडत राहते.

या मुलीला शाळेची आवड नाही, तिच्या आईबापांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही, असे सांगणारे साहेब आणि गुरुजी आम्हाला जागोजागी भेटतात. आम्हाला ते मुळीच पटत नाही. ती मुलगी शाळा सोडून एक काम करते आहे. शहरात त्या कामाचे महिन्याला काही हजार रुपये मोजावे लागतात. शहरात त्या कामाच्या जागेला पाळणाघर म्हणतात आणि त्याची फी भरल्याची पावती मिळते. भट्टीवर ती फी एका मुलीच्या शिक्षणातून वसूल होते आणि तिची पावती कोणी फाडत नाही. मूल सांभाळण्याचा खर्च गरिबाच्या घरी नसतो, हा समज म्हणूनच खोटा आहे. खर्च आहे, आणि तो भरलाही जातो. तो कोणी भरावा, एवढाच प्रश्न आहे. आमच्या मते तो मालकाने आणि सरकारने भरला पाहिजे, आणि तो भरून घेण्याची मागणी आंबेडकरी चळवळीने आपली मानली पाहिजे.

आधी भट्टीचा हिशेब नीट समजून घेऊ. पावसाळ्यात हाताला काम नसते आणि घरात दाणा नसतो, तेव्हा मालकाचा माणूस पाड्यावर येऊन उचल देऊन जातो. दिवाळीनंतर टेम्पो भरून कुटुंबे निघतात. कोणी भिवंडी-कल्याणकडे जाते, कोणी जवळच्याच भट्टीवर राहते. यांत सर्वांत मोठा भरणा कातकऱ्यांचा, त्यांच्यासोबत ठाकूर आणि काही ठिकाणी वारलीही असतात. मजुरी ठरते ती हजार विटांमागे, आणि ती एका माणसाची नव्हे, नवरा-बायकोच्या जोडीची. आठवड्याला हाती पडते ती खर्ची. उरलेला हिशेब हंगाम संपताना होतो, आणि त्यात उचल वजा केली की बहुधा पुन्हा अंगावर बाकीच निघते. आता या हिशेबात तान्हे मूल घाला. आई दिवसातून चार वेळा पाजायला उठली, तापलेल्या लेकराजवळ दोन दिवस बसली, तर तेवढ्या विटा कमी पडतात. विटा कमी पडल्या की बाकी वाढते, आणि बाकी वाढली की पुढच्या वर्षीही त्याच मालकाकडे जावे लागते. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ साली झाला. पण आईने लेकराला जवळ घेण्याची किंमत कर्जाच्या वहीत चढत असेल, तर त्या मजुरीला आम्ही मुक्त मजुरी कशी म्हणावी?

जोडीची मजुरी पुरुषाच्या नावावर लिहिली जाते, ही यातली आणखी एक गोम. बाई कामावर आहे याचा कागदच नाही. कागद नाही म्हणून ती कामगार नाही, आणि कामगार नाही म्हणून तिच्या मुलासाठी मालकाची कोणतीही जबाबदारी नाही. विटा मात्र दोघांच्या हाताच्या असतात.

हा प्रश्न आदिवासींचा आहे, आपला कुठे आहे, असे म्हणणारे आपल्यातही निघतील. त्यांनी आपापल्या बौद्धवाडीत डोकावून पाहावे. शहापूर तालुक्यातली आपली एक भगिनी आसनगाव, आटगाव नाहीतर खर्डीला पहाटेची कसारा लोकल पकडते. कोणी कल्याण-ठाण्याला घरकामाला जाते, कोणी इस्पितळात आयाचे काम करते, कोणी दुकानात उभी असते. मुरबाडची बाई एसटीने किंवा काळी-पिवळी जीपने कल्याण गाठते, नाहीतर तिथल्याच औद्योगिक वसाहतीत कंत्राटदाराच्या हाताखाली पाळी करते. तिचे मूल कोण पाहते, असे विचारले की उत्तर ठरलेले असते: आजी आहे ना! या आजीचेही वय झालेले असते, गुडघे दुखत असतात, आणि लावणी-कापणीच्या दिवसांत तीसुद्धा दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जाते. ज्या घरात आजी नाही, तिथे सुनेची नोकरी सुटते. परिचारिकेचा नाहीतर शिवणाचा अभ्यासक्रम मोठ्या कष्टाने पूर्ण केलेली आपली मुलगी पहिल्या बाळंतपणानंतर घरी बसते, आणि आपण तिच्या नवऱ्याला विचारतो की आता एकाच पगारात भागते का!

बाबासाहेबांनी या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी दिले होते. मुंबईच्या विधिमंडळात २८ जुलै १९२८ रोजी कामगार स्त्रियांच्या प्रसूतीलाभ विधेयकावर ते बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलला पाहिजे, हे त्यांनी मांडले. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. मालक स्त्रियांना कामावर ठेवतो तो त्यात त्याचा जादा फायदा असतो म्हणून, तेव्हा त्या फायद्याबरोबर येणारी जबाबदारीही काही प्रमाणात त्याच्यावर पडलीच पाहिजे, हा त्यांचा दुसरा मुद्दा. पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, मुंबई इलाख्याचा प्रसूतीलाभ कायदा झाला. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे आले. त्यांच्या खात्याच्या काळात खाण कायद्यात दुरुस्ती होऊन बायका काम करतात त्या खाणींवर पाळणाघर ठेवण्याची तरतूद आली, आणि १९४६ साली त्याचे नियम झाले. कोळशाच्या खाणीत पाट्या वाहणारी बाई आणि तिचे मूल या देशाच्या कायद्याला दिसले, ते मजूर खात्यात एक शोषितांचा माणूस बसला होता म्हणून.

संविधानाच्या अनुच्छेद ४२ मध्ये कामाच्या माणुसकीच्या परिस्थितीची आणि प्रसूती साहाय्याची गोष्ट आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीनंतर अनुच्छेद ४५ सांगतो की सहा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांचे संगोपन आणि शिक्षण यांसाठी राज्य प्रयत्न करील. आमच्या लेखी यातला ‘संगोपन’ हा शब्द ‘शिक्षण’ या शब्दाइतकाच मोलाचा आहे.

आता सरकार काय देते ते पाहू. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतून अंगणवाडी आली. ती पाड्यापाड्यापर्यंत पोहोचली, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. पण अंगणवाडी दुपारपर्यंत चालते आणि आईचे काम संध्याकाळपर्यंत. त्यातही तीन वर्षांखालच्या मुलाला तिथे बसायची जागाच नाही. त्याच्या वाट्याला घरी नेण्याचे पाकीट येते. जे मूल कडेवरून खाली उतरवता येत नाही, त्याच्यासाठीच जागा नाही! आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजनेत गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे गरम जेवण मिळते, ते चांगलेच आहे. पण ते जेवण गावच्या अंगणवाडीत शिजते आणि बाई असते भट्टीवर. स्थलांतरितांची नोंद ठेवण्यासाठी राज्याने २०२२ मध्ये मोबाईलवरची एक यंत्रणाही आणली. नोंद झाली, तरी भट्टीजवळच्या अंगणवाडीने ते मूल आपले मानले पाहिजे ना?

रोख मदतीचे म्हणाल तर २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेला किमान ६००० रुपयांचा हक्क दिला. २०१७ पासूनच्या मातृवंदना योजनेने तो पहिल्या अपत्यापुरता आणि ५००० रुपयांवर आणून ठेवला. पुढे दुसरे अपत्य मुलगी झाली तर ६००० रुपये, अशी भर पडली. कायदा प्रत्येक मातेला म्हणतो आणि योजना अपत्ये मोजते. २०२४ च्या जुलैपासून लाडकी बहीण योजनेत महिना १५०० रुपये सुरू झाले. त्याला भीक म्हणणाऱ्यांशी आमचा वाद आहे. ज्या घरात रोख पैसा बाईच्या हाती कधी आलाच नाही, तिथे या पैशाला किंमत आहे. पण त्या योजनेचे वय २१ वर्षांपासून सुरू होते, आणि भट्टीवरची कित्येक मुलगी त्याआधीच आई झालेली असते. आणि खात्यात आलेले १५०० रुपये पहाटे तीन वाजता रडणाऱ्या लेकराला उचलून घेत नाहीत. त्याला माणूस लागतो, आणि जागा लागते.

त्याहून संतापाची गोष्ट २०२५ च्या मे महिन्यात घडली. लाडक्या बहिणींचा हप्ता भागवण्यासाठी सामाजिक न्याय खात्याचे सुमारे ४१० कोटी आणि आदिवासी विकास खात्याचे सुमारे ३३५ कोटी रुपये वळवण्यात आले. सामाजिक न्याय खात्याच्या मंत्र्यांनीच त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली होती. म्हणजे कातकरी आईला द्यायचे ते कातकरी मुलाच्या वाट्यातून! एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात टाकायचे आणि वर ओवाळणी म्हणून मिरवायचे, हा व्यवहार आम्हाला मान्य नाही.

एका योजनेबद्दल मात्र थोडे सविस्तर सांगतो, कारण आपल्या वस्त्यांतली कित्येक घरे तिच्यात बसत असूनही तिच्यापासून दूर राहिली आहेत. बालसंगोपन योजनेला आता सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. आई किंवा वडील वारलेले, टाकलेल्या किंवा घटस्फोटित आईचे, गंभीर आजारी पालकाचे असे अठरा वर्षांखालचे मूल असेल, तर त्याला घरातच वाढवण्यासाठी महिन्याला २२५० रुपये मिळतात. आधी ही रक्कम ११०० रुपये होती, आणि त्याआधी ४२५. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याकडे जातो, घराची चौकशी होते आणि बाल कल्याण समिती आदेश देते. ऐकायला सोपे आहे. पण वडिलांचा मृत्यू झाला तो भट्टीवर, दुसऱ्या तालुक्यात. ग्रामपंचायतीत त्याची नोंदच नाही, मग दाखला कोण देणार? तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला पाहिजे, बँकेत खाते पाहिजे, आधारवरचे आणि शिधापत्रिकेवरचे नाव जुळले पाहिजे. डोळखांब किंवा धसईच्या पलीकडच्या वाडीतून जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि भाडे दोन्ही गेले. तिथे एक झेरॉक्स कमी निघाली तर आणखी एक दिवस गेला. आणि चौकशीला माणूस येतो तेव्हा घराला कुलूप असते, कारण कुटुंब भट्टीवर असते.

इथे शिकलेल्या तरुणांचे काम आहे. मृत्यूची नोंद एका वर्षाच्या आत राहून गेली असेल तर ती नंतरही आदेश मिळवून करता येते. हे कुणीतरी सोबत जाऊन करून द्यावे लागते. जयंतीच्या मंडळात जी मुले वर्गणीचा हिशेब चोख ठेवतात, त्यांना हा कागदांचा गठ्ठा जड नाही. पावसाळ्यात, कुटुंबे गावात असताना, पाच-सहा पाड्यांची एक यादी केली, तरी दिवाळीच्या आत बरेच अर्ज जाऊ शकतात.

कायद्यातल्या पाळणाघराची कथा वेगळीच आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यात तीसहून अधिक स्त्रिया कामाला असतील तर पाळणाघर, अशी अट होती. २०१७ च्या प्रसूतीलाभ दुरुस्तीने ती पन्नास कर्मचाऱ्यांवर नेली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांत स्त्री-पुरुष मिळून पन्नासचा आकडा आला. स्त्रियांबरोबर पुरुषही मोजले, हे योग्यच झाले, कारण मूल काही एकट्या बाईचे नसते. पण पंधरा-वीस जोड्यांच्या भट्टीला हा आकडा कधी लागायचा? कंत्राटदाराने माणसे दोन नावांवर वाटली की औद्योगिक वसाहतीतला कारखानाही सुटला. रोजगार हमीचा अनुभवही असाच. २००५ च्या केंद्रीय कायद्याने कामावर पाच किंवा अधिक लहान मुले असतील तर त्यांना सांभाळायला कामावरच्याच एका बाईला नेमावे आणि तिला मजुरी द्यावी असे सांगितले. फार सरळ तरतूद होती ती. हजेरीपटावर त्या बाईचे नाव किती कामांवर चढले, हे जुन्या कार्यकर्त्यांनी आपापल्या गावापुरते आठवून पाहावे. २०२५ च्या डिसेंबरात संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. नाव बदलले तरी कामावर येणाऱ्या बाईच्या कडेवरचे मूल बदललेले नाही.

मग करायचे काय? ज्या भूमीत हे उत्तर एकदा शोधले गेले होते ती लांब नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला, म्हणजे त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातच, आदिवासी मुलांसाठी काम केले. थोरली मुलगी धाकट्याला सोडून शाळेत येऊ शकत नाही, हे त्यांनी ओळखले, आणि विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी व शाळा एकाच आवारात ठेवली. पुढे १९९० च्या दशकात याच जिल्ह्यातल्या वीटभट्ट्यांवर विधायक संसदेने भोंगा शाळा चालवल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरची ती कच्च्या विटांची खोपी. शाळाच मुलांच्या मागे भट्टीवर गेली. या दोन्ही प्रयोगांचे नेतृत्व आमच्या चळवळीचे नव्हते. म्हणून त्यांच्यापासून शिकू नये, असे आम्हाला वाटत नाही.

केंद्राची ‘पाळणा’ योजना २०२२ पासून मिशन शक्तीखाली आहे. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचे, अशी तिची कल्पना आहे. कल्पना उत्तम, पण उद्दिष्ट सबंध देशात १७ हजारांचे. देशात अंगणवाड्या जवळपास १४ लाख आहेत. शंभर अंगणवाड्यांमागे दोन पाळणाघरेसुद्धा होत नाहीत. कर्नाटकाने २०२३ पासून ग्रामपंचायतींत ‘कूसिन मने’, म्हणजे बाळाचे घर, सुरू केले आणि रोजगार हमीच्या बायकांनाच प्रशिक्षण देऊन तिथे नेमले. महाराष्ट्र पुरोगामी म्हणवतो. त्याला हे का जमू नये?

शहापूर तालुका पूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहे, मुरबाडची काही गावेही आहेत. अशा ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी २०१५ पासून थेट मिळतो, आणि आरोग्य व शिक्षण हे त्या खर्चाच्या विषयांत बसतात. २०१४ च्या पेसा नियमांनी पाड्यालाही स्वतंत्र ग्रामसभेची वाट मोकळी केली. त्या निधीतून पेव्हर ब्लॉक बसतात, कमानी उभ्या राहतात. दोन बायकांचे मानधन आणि दहा-बारा मुलांचे दूध त्यातून का भागू नये? मात्र एक गोष्ट स्पष्ट असू द्या. हे काम अंगणवाडी सेविकेच्या डोक्यावर फुकट टाकायचे नाही. मानधनासाठी या बायकांनी २०२३ च्या डिसेंबरात राज्यभर संप केला होता. एका बाईचे मूल सांभाळण्यासाठी दुसऱ्या बाईला फुकट राबवणे हा तोडगा होऊ शकत नाही.

भट्टीमालकांकडून घ्यायचे ते हजार विटांमागे घ्यावे, असे आम्हाला वाटते. मालक जसा कोळसा आणि मातीचा भाव विटेत धरतो, तसाच पाळणाघराचा भाव धरावा आणि तो कामगार खात्यामार्फत वसूल व्हावा. मुंबई-ठाण्याचे टॉवर या विटांवर उभे राहिले. भातसा आणि तानशाचे पाणी मुंबईने प्यायले ते शहापूरच्या जमिनीवरून नेऊनच. त्या शहरांनी एका विटेमागे चार पैसे जास्त दिले तर त्यांचे काही बिघडणार नाही.

शेवटी आपल्या घरचे. आपल्या बहुतेक वस्त्यांत समाजमंदिर आहे. दलित वस्ती सुधार योजनेतून त्यासाठी पैसा आला, छत पडले, फरशी बसली, पंखे लागले. १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, ६ डिसेंबर आणि अधूनमधून एखादे लग्न सोडले तर ते बंद असते. पाऊस लागत नाही, साप-विंचू येत नाही, शेजारी नळ आहे, अशी जागा वर्षातले तीनशेहून जास्त दिवस कुलपात, आणि शेजारच्या कातकरीवाडीतले मूल उन्हात साडीच्या झोळीत. वस्तीतल्या दोन बायका तिथे दिवसभर बसल्या, त्यांचा मोबदला पेसा निधीतून नाहीतर महिला बचत गटामार्फत ठरला, आणि आपल्या मुलांबरोबर कातकऱ्यांची मुलेही त्याच सतरंजीवर झोपली, तर कोणाची हरकत असेल? हरकत घेणारे आपल्यातच निघतील, हेही आम्ही जाणून आहोत. समाजमंदिर घाण होईल, असे ते म्हणतील. पाणवठ्याबद्दल आपल्या आज्या-पणज्यांना हेच ऐकवले जात होते.

१५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दोन ग्रामसभा दिवाळीच्या आधी येतात. शहापूर-मुरबाडच्या कार्यकर्त्यांनी त्यांपैकी एकीत तरी अर्ज द्यावा: आमच्या गावातून भट्टीवर जाणाऱ्या सहा वर्षांखालच्या मुलांची यादी वाचून दाखवा, आणि त्यांच्या थोरल्या बहिणींची नावे शाळेच्या पटावरून तिच्या शेजारी लिहा. यादीला ग्रामसेवकाची सही आणि तारीख घ्यावी. मागे राहू शकणाऱ्या किती मुलांसाठी गावात जागा करता येईल, हे त्याच बैठकीत ठरवावे. समाजमंदिराची किल्ली ज्याच्याकडे असते, त्यालाही त्या सभेला बोलवावे.